डबीवरचं 'वॉटर बेस्ड' आणि वैशाखातला घाम

गेल्या मे महिन्यात चोपडा तालुक्यात आमच्या मोठ्या भाच्याचं लग्न होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, त्यामुळे मिरवणूक निघाली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. नवरदेवाच्या डोक्यावर फेटा होता, त्याचं निभावलं. धाकटा भाचा मात्र उघड्या डोक्याने बँडपुढे नाचत होता. सकाळी अर्धा तास आरशापुढे उभं राहून त्याने पोमेड, म्हणजे केस बसवायचा मेणासारखा लेप, लावून केस मागे वळवून बसवले होते, अगदी चकचकीत. मारुतीच्या पारापर्यंत पोचेस्तोवर त्याच्या कपाळावरून पांढुरकी धार निघाली, भुवईत अडली आणि तिथून डोळ्यात उतरली. "मामा, डोळे जळताहेत," म्हणत तो बाजूला आला. पाण्याच्या जारमधून ओंजळी भरभरून डोळ्यांवर मारल्या. थोड्या वेळाने डोळे निवळले, आणि डोक्यावरचं पोमेडही त्याच पाण्याबरोबर निघून गेलं. साबण लागला नाही, शांपू लागला नाही.

डबी नकली निघाली, असं त्याला आजही वाटतं. ती नकली नव्हती. ते पोमेड पाण्यात विरघळण्यासाठीच बनवलेलं होतं आणि घाम म्हणजे पाणीच. न्हाणीघरात ज्या गुणाचं आपण कौतुक करतो, तोच गुण वैशाखातल्या मिरवणुकीत डोळ्यात उतरतो. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. वर्गातली मुलं धड्यापेक्षा हे प्रश्न जास्त विचारतात: कोणतं पोमेड चांगलं, कोणतं टिकतं, कोणत्याने केस जातात. त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

आधी केसांचं बघू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना तीन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. गंधकाचे बंध सगळ्यांत पक्के. ते तोडायला पार्लरमधली स्ट्रेटनिंगची किंवा कुरळे करायची रसायनं लागतात. दुसरे क्षारासारखे बंध. तिसरे हायड्रोजन बंध; हे एकेकटे दुबळे, पण संख्येने प्रचंड. पाणी लागलं की ते सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात, ज्या आकारात केस वाळला त्याच आकारात. आजी आपल्याला ओल्या केसांचा भांग पाडून शाळेत पाठवायची आणि तो भांग मधल्या सुट्टीपर्यंत टिकायचा, त्यामागे हेच शास्त्र होतं. पोमेडचं खरं काम या आकाराला वरून आधार द्यायचं आहे. केस केसाला चिकटवून धरायचे, वर थोडी चकाकी आणायची, एवढंच. आकार पाण्याने आणि वाऱ्याने आधीच दिलेला असेल तर पोमेड निम्म्याने कमी लागतं. ही एक गोष्ट समजली तरी डबीचा अर्धा खर्च वाचतो.

पोमेड हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला फळाचा शब्द आहे. जुन्या काळी युरोपात प्राण्यांच्या चरबीत सफरचंद घालून हा लेप करत. १८७२ साली रॉबर्ट चेसब्रो याने व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. पुढे पेट्रोलियम जेली सगळीकडे मिळू लागली तशी चरबी मागे पडली आणि जेली व मेण यांचं मिश्रण रूढ झालं. ते केसांवर दिवसभर मऊ राहायचं, कधीही फणी फिरवा, पण निघता निघायचं नाही. चार-चार दिवस उशीचे अभ्रे तेलकट. पाण्याने निघणारं पोमेड अलीकडच्या काळात जगभर पोचलं ते मुख्यतः अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या न्हाव्यांमुळे. तिथल्या एका न्हाव्याने १९९९ मध्ये 'लेराइट' काढलं. मेणासारखं धरेल आणि जेलसारखं धुतलं जाईल, हा त्यामागचा विचार. पुढे 'सुआवेसितो' आलं, मग रॉटरडॅमच्या न्हाव्यांचं 'रॉयझल' आलं, आणि आता तशाच चकचकीत डब्या आपल्याकडच्या कंपन्याही काढतात.

दूध आणि लोणी

गोंधळ सुरू होतो तो डबीवरच्या शब्दांपासून. 'वॉटर बेस्ड' लिहिलं म्हणजे पाण्याने निघेलच, असं नाही. घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, सगळ्यांत जास्त ते आधी. फक्त एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहायची मुभा असते. यादीत पहिलं नाव पाण्याचं असलं की 'वॉटर बेस्ड' म्हणायला कंपनी मोकळी होते. पण पाण्याबरोबर आत दुसरं काय आहे आणि ते कशात कसं मिसळलं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

दूध आणि लोणी घ्या. दोन्हींत पाणी आहे, दोन्हींत स्निग्धांश आहे. दुधात पाणी बाहेर आणि स्निग्धांशाचे बारीक थेंब आत. म्हणून दुधाचा पेला नळाखाली धरला की बराचसा स्वच्छ होतो. लोण्यात उलटं, स्निग्धांश बाहेर आणि पाण्याचे थेंब आत अडकलेले. लोण्याचं भांडं नुसत्या पाण्याने कधी निघालं आहे का? आपल्या वडिलांच्या कपाटातलं ब्रिलक्रीम आठवा. १९२८ मध्ये बर्मिंगहॅमला निघालेलं हे पांढरं क्रीम पाणी, खनिज तेल आणि मधमाशीचं मेण यांचं. त्यात पाणी आहेच, तरी शर्टाची कॉलर तेलकट व्हायची ती व्हायचीच. 'वॉटर बेस्ड' हा शब्द डबीत पाणी आहे एवढंच सांगतो. 'वॉटर सोल्युबल' म्हणजे पाण्यात विरघळणारं, आणि विकत घेताना आपल्याला खरं म्हणजे हेच जाणून घ्यायचं असतं.

मी तीन डब्या आणल्या. चौथी व्हॅसलीनची घरात होतीच. रविवारी दुपारी ओट्यावर चार स्टीलच्या वाट्या मांडल्या, प्रत्येकीत कोमट पाणी आणि भिजवलेल्या हरभऱ्याएवढा एकेक गोळा. माझा एक मित्र सलून चालवतो, त्यालाही बोलावलं होतं. पहिली डबी उघडून मी तिच्यावर टिचकी मारली, तर आतला पारदर्शक लगदा थरथरला, जेलीसारखा. "हाई काय से भो?" (हे काय आहे, भाऊ?) असं अहिराणीत म्हणून त्याने स्वतः दोनदा टिचकी मारून बघितली.

वाट्यांत काय झालं ते सांगतो. व्हॅसलीन वर तरंगत राहिलं, जसंच्या तसं. थरथरणाऱ्या गोळ्याच्या कडा आधी धूसर झाल्या, मग तो आतून पोखरल्यासारखा होत गेला आणि चमच्याने हलवल्यावर पुरता विरघळला. वर साबणासारखा थोडा फेस आला. दुसरी डबी जेलसारखी होती. तिचा गोळा फुगला, बुळबुळीत झाला, मग विरघळला, पण फेस जवळजवळ नाहीच. तिसऱ्या डबीवरही ठळक अक्षरांत 'वॉटर बेस्ड' होतं. तिने पाणी दुधाळ केलं, बारीक पांढरे कण वर आले, आणि पाणी ओतून दिल्यावर वाटीला आतून तेलाचा हात राहिला. मित्र म्हणाला, "आणि हेच मी गिऱ्हाइकाला पाण्याने निघतं म्हणून विकतो." त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ही चाचणी कोणालाही करता येते. बाजारातली बहुतेक वॉटर बेस्ड पोमेड या तीन वाट्यांपैकी एकीत बसतात.

तीन वाट्या, तीन स्वभाव

पहिल्या, थरथरणाऱ्या गोळ्याच्या वाटीतला मुख्य घटक बहुतेक वेळा 'सेटिअरेथ-२५' असतो. नाव भयंकर वाटतं, वस्तू समजायला सोपी आहे. मेणासारखा एक स्निग्ध अल्कोहोल घ्यायचा आणि त्याला पाण्याची ओढ असलेली शेपटी जोडायची. २५ हा आकडा त्या शेपटीतल्या कड्यांचा सरासरी हिशेब. एक टोक मेणाचं, दुसरं पाण्याकडे ओढ घेणारं. साबणाची वडी रात्रभर ओल्या साबणदाणीत राहिली की खालून एक पारदर्शक, घट्टसर बुळबुळीत थर तयार होतो ना, हे पोमेड साधारण त्याच जातीचं. पाणी आहे तोवर मऊ आणि चकचकीत, पाणी उडालं की मेणासारखं घट्ट, आणि ओली फणी फिरवली की परत मऊ. या शेवटच्या गुणासाठी मला हा प्रकार आवडतो. सकाळी बसवलेले केस संध्याकाळी दोन थेंब पाण्यावर पुन्हा वळतात. याच जातीत 'पेग-४० हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल' असंही एक नाव वाचाल. तो आपल्या एरंडेलाचाच बदललेला अवतार. जगातलं सर्वांत जास्त एरंडी उत्पादन भारतात होतं आणि त्यातलं बहुतेक आपल्या शेजारच्या गुजरातेत. परदेशी डबीतल्या या घटकाचं बी आपल्या बाजूच्याच शेतातलं असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसऱ्या वाटीची ताकद पीव्हीपी या पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थात असते. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर रेपे यांनी ते तयार केलं. जखमेवर लावायच्या तपकिरी पोव्हिडोन आयोडीनमधलं 'पोव्हिडोन' ते हेच. पाण्यात विरघळतं आणि वाळलं की पातळ पापुद्रा धरतं. जुनी माणसं टोपीला खळ करायची, कडक इस्त्रीची टोपी दिवसभर टोकदार राहायची. पीव्हीपी केसांना खळ करतं. पकड जबरदस्त, पण वाळल्यावर फणी घातली की पापुद्रा तुटतो आणि पांढरे कण खांद्यावर पडतात. लोक त्याला कोंडा समजतात आणि कोंड्याचा शांपू आणतात. कण बोटांत घेऊन पाण्याचा थेंब टाका. विरघळले तर पोमेड, नाही विरघळले तर कोंडा.

तिसरी वाटी दुधाची जात: तेल, मेण, पाणी आणि त्यांना बांधून ठेवणारा घटक. पाणी उडून गेल्यावर केसांवर तेल-मेणच उरतं, म्हणून ते दिवसभर मऊ राहतं, कडक होत नाही. धुवायला शांपू हवा. हा प्रकार वाईट मुळीच नाही. फक्त तो काय आहे, हे विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे.

चिकणमातीचं, चमक नसलेलं 'मॅट' पोमेड मी इथे धरलेलं नाही. ते मुलतानी मातीच्या घराण्यातलं, त्याचे नियम वेगळे.

जळगावचा मे आणि श्रावणातली कानबाई

पोमेडची तुलना बहुतेकदा पकड आणि चमक या दोनच मापांनी होते. आमच्याकडे ती मापं पुरत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. अशा हवेत पाण्यावरचं पोमेड केसांवर पसरायच्या आतच घट्ट होऊ लागतं. मुलं मग आणखी बोटभर घेतात. तिथेच चूक होते. तासाभराने घाम फुटतो आणि हा सगळा जाड थर एकदम सैल होऊन खाली येतो. वाळलेल्या थरावर घाम म्हणजे ओली फणीच. शिवाय पहिल्या वाटीतला घटक साबणाच्या नात्यातला, त्यामुळे डोळ्यात गेला की झोंबतोच. भाच्याने त्या दिवशी किती घेतलं होतं ते मी नंतर विचारलं; तीन बोटं भरून, आणि पुढच्या केसांनाच सगळ्यांत जास्त.

उन्हाळ्यात लावायची रीत अशी ठेवा. केस धुऊन टॉवेलने टिपा, ओलसर असतानाच फणीने आकार द्या आणि पंख्याखाली वाळू द्या. आकार हायड्रोजन बंधांनी धरला. मग हरभऱ्याएवढं पोमेड तळहातावर चोळून पातळ करायचं आणि आधी मागच्या केसांना, मग बाजूंना लावायचं. हाताला जे उरेल तेवढंच पुढच्या केसांना. कपाळाच्या काठापासून बोटभर जागा मोकळी सोडायची. ओल्या केसांवर लावलं तर चमक वाढते आणि पकड कमी होते. कोरड्यावर लावलं तर उलट. आणि केसांना खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल असेल तर पाण्यावरचं पोमेड बसणारच नाही, घसरेल. ज्या दिवशी तेल, त्या दिवशी पोमेड नको.

श्रावणात सगळं उलटतं. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या दिवसांत हवेत ओल असते. पीव्हीपीला ओलाव्याची ओढ, ते हवेतलं पाणी शोषून चिकट होतं; खळ केलेली टोपी पावसाळ्यात मऊ पडते, तसं. ग्लिसरीन जास्त असलेली पोमेडही अशा हवेत चिकचिक करतात. केसांचे हायड्रोजन बंधही ओल्या हवेने सुटत राहतात. यादीत नुसतं पीव्हीपी असण्याऐवजी 'व्हीपी/व्हीए' असं त्याच्याच घराण्यातलं नाव असेल तर ते ओल जरा कमी धरतं. पावसाळ्यासाठी डबी घेताना मी हे नाव शोधतो. तिसऱ्या वाटीचं, तेल-मेणाचं पोमेड पाऊस आणि घाम या दोघांना सगळ्यांत चांगलं तोंड देतं. दुपारच्या लग्नात नाचायचंच असेल, तर भाच्याला मी तेच देईन, चमक थोडी कमी झाली तरी.

कोणती डबी, असं नाव घेऊन विचाराल तर थोडं सांगतो. रॉयझलच्या डब्या रंगांवरून ओळखायच्या. निळी आणि लाल पाण्यात विरघळणाऱ्या; निळीची पकड जास्त, लालची मध्यम. हिरवी आणि गुलाबी मात्र तेलाच्या. चारही डब्यांवर तेच डुकराचं चित्र असल्यामुळे लोक रंग न बघता उचलतात आणि मग शांपूच्या बाटल्या संपवतात. सुआवेसितो आणि लेराइट दोन्ही पाण्याने निघणाऱ्या. सुआवेसितोच्या साध्या डबीपेक्षा 'फिर्मे' लिहिलेली जास्त कडक धरते. दाट, राठ केसांना ती चालेल. विरळ केसांना साधीच पुरे. परदेशी डबी साधारण ११३ ग्रॅमची येते. हरभऱ्याएवढा गोळा मी शाळेच्या तराजूवर तोलला, अर्धा ते पाऊण ग्रॅम भरला. रोज दोन गोळे लावले तरी डबी अडीच ते पावणेचार महिने जाते. महिन्यात संपत असेल तर हात आवरा, डबी बदलू नका. आपल्याकडच्या स्वस्त डब्यांबद्दल माझा अनुभव सरसकट वाईट नाही. वाटीची चाचणी त्यांना लावा आणि ठरवा.

आता पाण्याबद्दल, कारण माझ्या लेखी आपल्या भागात हा मुद्दा सगळ्यांत मोठा आहे. आमच्याकडे कितीतरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि बोअरचं पाणी जड. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अंगाच्या साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट साका करतं. बादलीच्या काठाला बसतो तो. तेलाचं पोमेड लावलेले केस अशा पाण्यात साबणाने धुतले की तेल, मेण आणि साका तिन्ही डोक्यावर राहतात, केस दोरीसारखे होतात. सेटिअरेथसारख्या घटकांवर विद्युतभार नसतो, म्हणून कॅल्शियमशी त्यांचं भांडणच नाही. जड पाण्यातही ते तसेच विरघळतात. माझ्या स्वतःच्या डोक्यावर पहिल्या वाटीतलं पोमेड चार-पाच तांब्यांत निघालं. व्हॅसलीन लावून बघितलं तेव्हा तीनदा शांपू आणि पाऊण बादली गेली, तरी दुसऱ्या दिवशी उशीला डाग होता. ज्या घरात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे हा फरक छोटा नाही.

कपाळावर आणि कानशिलांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येत असतील तर आधी पोमेडकडे बघा. १९७० मध्येच त्वचारोगतज्ज्ञांनी याला 'पोमेड अॅक्ने' असं नाव दिलं होतं. तेव्हाची पोमेड तेला-जेलीची होती आणि ती त्वचेची छिद्रं बुजवत. पाण्याने निघणाऱ्या पोमेडने हा त्रास कमी होतो, पण ते रात्री धुतलं तरच. लावून झोपलात तर उशीवरून ते गालापर्यंत जातं.

आणि ओलं बोट डबीत घालू नका. पाणी आलं की जिवाणू-बुरशी आली, म्हणून या सगळ्या पोमेडमध्ये फिनॉक्सिइथेनॉलसारखं संरक्षक घालावं लागतं. ते प्रमाणात असतं. रोज ओली बोटं बुडवलीत तर ते पुरं पडत नाही. वास आंबूस झाला, रंग बदलला किंवा वर पाणी सुटलं तर डबी टाकून द्या. डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नको. व्हॅसलीनच्या जातीचं पोमेड ३८ अंशांपासून पुढे मऊ पडायला लागतं, आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

धाकट्या भाच्याचा साखरपुडा या वैशाखात ठरला आहे, अमळनेरला, भर दुपारी. मागच्या आठवड्यात तो नवी डबी घेऊन घरी आला. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरात गेला आणि मामीकडे स्टीलची वाटी मागितली.